गिट पुश केलं, पुढे काय?

पहिलं वेब ॲप हेरोकूसारख्या प्लॅटफॉर्मवरच टाकावं, या मताचा मी आहे. गिट पुश केलं की साइट चालू, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. पण आत काय चालतं तेही बघा राव! ॲप चालवणारा कंटेनर, म्हणजे डायनो, दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट होतो आणि त्याच्या डिस्कवर लिहिलेल्या फाइल्स पुसल्या जातात. लॅपटॉपवर हे कधी दिसतच नाही. युजरने विश्वासाने टाकलेले लग्नाचे फोटो गेले तर काय सांगणार? डेटा डेटाबेसमध्ये, फोटो एस३सारख्या स्टोरेजवर ठेवा. हेरोकूचा फुकट प्लॅन नोव्हेंबर २०२२मध्ये बंद झाला, म्हणजे आता भाडं आलंच. भाड्याच्या घरात खुशाल राहा; पण सामानाची जबाबदारी आपलीच. पटतंय का?