करंटच्या मशीनला आधी चार प्रश्न विचारा

मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत विहारासमोरच्या सभामंडपात पंधरा दिवस 'मोफत थेरपी' चालली. सकाळी सहापासून आयाबाया रांगेत. खुर्चीवर बसायचे, पाय मशीनच्या पाटावर ठेवायचे, बटण दाबले की पायात मुंग्या यायच्या. गुडघे, कंबर, शुगर, बीपी, लकवा, सगळ्यांवर हाच इलाज, असे तो तरुण गोड आवाजात सांगत होता. सोळाव्या दिवशी त्याने मशीनची किंमत सांगितली. दोन घरांनी सोयाबीनच्या पैशातून मशीन घेतली, तिसऱ्या घराने बचत गटाचे कर्ज काढून.

त्या तिसऱ्या घरच्या काकू काही दिवसांनी माझ्याकडे आल्या. तळपायाला मोठा फोड आलेला. शुगर जुनी. मी विचारले, "काकू, चटका बसला तेव्हा समजलं नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही ना सिस्टर. मले वाटलं मशीन लागलीच नाही, म्हणून मी नंबर वाढवत गेली." ती जखम भरायला दोन महिने लागले. त्या काळात मजुरी बंद, कर्जाचा हप्ता मात्र चालू.

नर्सिंग करताना मी फिजिओथेरपी विभागात अशा मशीन रोज पाहिल्या आहेत. त्यामुळे करंटचा इलाज म्हणजे निव्वळ फसवणूक, असे मी म्हणणार नाही. तो खरा इलाज आहे, पण त्याची हद्द ठरलेली आहे.

आपल्या नसा निरोप नेतात तेही विजेच्याच बारीक लहरींनी. कोपर दारावर आपटला की आपण लगेच चोळतो आणि थोडे बरे वाटते. चोळल्याचा निरोप मणक्यातील मज्जारज्जूत पोचतो आणि दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतो. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट 'दरवाजा' म्हणून मांडली. चिकट पट्ट्या लावून द्यायचा टेन्स नावाचा सौम्य करंट मुख्यतः याच रीतीने काम करतो. दुखणे काही वेळ दबते; दुखण्याचे कारण मात्र जागेवरच राहते.

दुसरा करंट स्नायू आकसवणारा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किंवा लकव्यानंतर स्नायू वाळू नये, हालचाल परत यावी, म्हणून फिजिओथेरपिस्ट तो व्यायामासोबत देतात. नस तुटलेली असेल तर वेगळा, जास्त वेळ टिकणारा झटका लागतो. कोणाला कोणता, कुठे आणि किती, हे तपासूनच ठरते. शुगर किंवा बीपी या करंटने बरी होत नाही. अशा रोगांच्या इलाजाचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंदी आहे.

आता धोका. ज्या कातडीला समजत नाही, तिथे करंट लावू नये. जुनी शुगर, कुष्ठरोगाने बधिर झालेले हातपाय, लकव्याने मेलेली बाजू, हे सगळे त्यात आले. छातीत पेसमेकर असेल तर मशीनला हातही लावू नका. गरोदर बाईच्या पोटाला-कमरेला, गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोक्याला, डोळ्यांजवळ आणि छातीवर पट्ट्या नकोत. जखम, कॅन्सरची गाठ, किंवा एकच पाय सुजून गरम झालेला असेल तिथेही नकोत. मिरगी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आपल्या समाजासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. विदर्भात आपल्या घराघरात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या लेकराचे हातपाय ठणकतात तेव्हा पट्ट्या लावून बसू नका. सोबत ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर तासभरही न थांबता दवाखाना गाठा. दुखणे ही शरीराने मारलेली हाक असते. ती दाबून टाकली तर वेळ हातची जाते.

डॉक्टरने मशीन सांगितलीच असेल तर बॅटरीवर चालणारी घ्या, आणि चार्जिंगला लावलेली असताना अंगाला लावू नका. कातडी धुऊन कोरडी करा, तेल-मलम नको. पट्टी फाटलेली, सुकलेली नको; तिच्या कडेला करंट एकवटतो आणि चटका बसतो. शून्यापासून सुरू करून मुंग्या जाणवतील तितकेच वाढवा. वीस-तीस मिनिटे पुरे. लावून झोपू नका. काढण्याआधी बटण बंद करा, मग कातडी नीट पाहा.

आपल्या बाया त्या रांगेत का उभ्या राहतात, हेही बोलले पाहिजे. दिवसभर वाकून कापूस वेचायचा, निंदण करायचे, रात्री कंबर धरून झोपायचे. उमरखेडहून किंवा झरीजामणीहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, वरून बसभाडे. मशीनवाला मात्र दारात येतो, खुर्ची देतो, 'आई' म्हणतो. आरोग्यसेवेने सोडलेली जागा त्याने भरली आहे. म्हणून माझी मागणी आहे की प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक ठरलेला दिवस फिजिओथेरपीचा असावा. हा ठराव ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत आपणच मांडला पाहिजे.

आणि विहार समित्यांना विनंती आहे की सभामंडप देण्याआधी चार प्रश्न विचारा. ही मशीन कोणत्या रोगावर चालते, ते लिहून देता का? बनवणाऱ्याचे नाव आणि परवाना क्रमांक कुठे आहे? रुग्णाला तपासणारा फिजिओथेरपिस्ट कोण, आणि त्याची महाराष्ट्राच्या परिषदेत नोंदणी आहे का? पक्के बिल देता का, आणि मशीन परत घ्याल का? तोंडाने लकव्याचा इलाज सांगणारा बिलावर 'मसाजर' लिहीत असेल, तर काय ते समजून घ्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते; ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पंचशील घेताना ज्या सभामंडपात आपण बसतो, तिथे कोणी काही सांगितले तर 'कशावरून?' असे विचारायला लाजू नये. त्या पंधरा दिवसांत आमच्यापैकी एकानेही विचारले नाही. मीही ड्युटीवरून येता-जाता रांग पाहत होते आणि गप्प राहिले. काकूंचा पाय बांधताना मला त्याचीच लाज वाटली. म्हणून हे लिहिले.

जय भीम.