विश्लेषण : सांताक्रूझचे ‘कॉमेट’ जुहूला कसे उतरले? पहिल्या प्रवासी जेटचा धडा काय?

जायचे होते सांताक्रूझला, उतरले जुहूला! १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनी ‘बीओएसी’चे ‘कॉमेट’ जेट चुकून जुहूच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले. तेथून ते बाहेर पडले सुमारे नऊ दिवसांनी.

अशी चूक कशी होते?

दोन्ही विमानतळांमध्ये जेमतेम काही किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्याही साधारण पूर्व-पश्चिम. वेगाने खाली येणाऱ्या जेटसाठी हे अंतर काही सेकंदांचे असते.

‘कॉमेट’चे वेगळेपण काय?

जगातील हे पहिले प्रवासी जेट. डी हॅविलँड कंपनीने बनवलेल्या या विमानाची प्रवासी सेवा २ मे १९५२ रोजी सुरू झाली. जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये टपाल घेऊन जुहूला उतरले, ते ‘पस मॉथ’ही याच कंपनीचे. ‘कॉमेट’ची चारही इंजिने पंखांच्या मुळाशी आत बसवलेली होती. विमान ४० हजार फुटांवर असतानाही केबिनमध्ये आठ हजार फुटांवरच्याइतका हवेचा दाब राखला जाई. त्यामुळे विमानाच्या पातळ पत्र्यावर दर चौरस फुटाला अर्ध्या टनाहून अधिक जोर आतून पडत असे.

मग बिघडले कुठे?

प्रत्येक उड्डाणात केबिन किंचित फुगे आणि पुन्हा आकसे. तार सतत वाकवली की तुटते, तसा पत्रा थकत गेला. चौकोनी खिडक्यांच्या कोपऱ्यांवर सर्वाधिक ताण येत होता. जानेवारी आणि एप्रिल १९५४ मध्ये इटलीजवळच्या समुद्रावर दोन ‘कॉमेट’ हवेतच फुटली; ५६ जणांचा मृत्यू झाला. ब्रिटनने अख्खे विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाबाची चाचणी घेतली. प्रत्यक्ष आणि चाचणीतील मिळून ३,०५७ उड्डाणांनंतर केबिन फाटली. जाहीर चौकशीत हे निष्कर्ष जगासमोर आले. आज विमानाच्या खिडकीचे कोपरे गोलाकार दिसतात, त्यामागे हा धडा आहे.

मुंबई काय शिकली?

जुहूची चूक मात्र पुन्हा घडली. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे ‘डीसी-८’ सांताक्रूझ समजून जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले छोटे विमान घाटकोपरच्या भरवस्तीत कोसळले. त्यात पाच जणांचा जीव गेला, त्यातील एक पादचारी होता. नाहूरपासून घाटकोपर अवघ्या चार स्टेशनांवर आहे. म्हणजे विमान सुरक्षेचा प्रश्न केवळ तिकीट काढणाऱ्यांचा नाही. ज्यांच्या डोक्यावरून विमाने जातात, त्यांचाही आहे.

अपघात कोणाच्या माथी मारायचा, एवढ्यावर चौकशी थांबली तर पुढचा अपघात टळत नाही. तो का झाला, हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत आणि वेळेत सांगितले गेले पाहिजे. ‘कॉमेट’ची खिडकी बदलली, कारण तिचा दोष झाकला गेला नाही. मुंबईच्या दाटीवाटीच्या आकाशाखाली राहणाऱ्यांनीही तेवढाच उघडेपणा मागायला हवा.