हिशेबाची वही कुणाकडे?

१९१६ साली महर्षी कर्वेंनी अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ उभं केलं. तेच आजचं एसएनडीटी. सुरुवातीला सूत्रं पुरुषांकडे होती. पुढे लेडी प्रेमलीला ठाकरसी कुलगुरू झाल्या. २०२१ मध्ये या खुर्चीवर आपल्या शेजारच्या नागपूरच्या डॉ. उज्ज्वला चक्रदेव बसल्या. भंडाऱ्यातल्या मुलींसाठी ही अभिमानाचीच गोष्ट. पण आपल्या गॅदरिंगमध्ये काय दिसतं? रांगोळी अन् स्वागत मुलींकडे, माईक अन् पैसे मुलांकडे. कुलगुरूला बजेट मांडावं लागतं, वाद मिटवावे लागतात, नाही म्हणावं लागतं. हे सगळं कॉलेजातच शिकायचं ना? मग मैत्रिणींनो, यंदा हिशेबाची वही मागा. आणि मित्रांनो, रांगोळी तुम्ही काढा!