वाट्या, गोळ्या आणि साक्ष



हातचलाखीच्या खेळांमध्ये वाट्या आणि गोळ्यांच्या खेळाइतके दीर्घ आयुष्य फार थोड्या खेळांना लाभले असेल. रोमन तत्त्वचिंतक सेनेका याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या एका पत्रात त्याचा उल्लेख केला आहे. हा खेळ कसा होतो हे कळले की त्याची गोडी संपते, असे त्याचे म्हणणे. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ सालच्या आपल्या ग्रंथात अशा हातचलाखीची उकल करून दाखविली. आपल्याकडील गारुडी तर जमिनीवर मांडी घालून, माथ्यावर बोंड असलेल्या लाकडी वाट्या बोटांच्या बेचक्यात धरून हाच खेळ करीत आले आहेत. तीन वाट्या, कापडाच्या लहान गोळ्या आणि तीन बाजूंनी वेढून बसलेले लोक, एवढेच त्याचे भांडवल. आम्हा बँकेतील माणसांची सारी हयात रोकड आणि खातेवही यांचा मेळ घालण्यात जाते. येथे मात्र दिसणारी शिल्लक आणि असणारी शिल्लक यांचा मेळ बसू न देणे हेच कौशल्य!

महाराष्ट्रात रंगमंचीय जादूला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजेच रघुनाथ भोपळे, यांचे नाव आदराने घेतले जाते. १९८४ साली त्यांचे निधन झाले; पुढे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र यांनी ही कला चालविली. कला जेथे पिढीजात असते तेथे शिकणाऱ्याचे दोष दाखविणारा जाणता माणूस घरातच भेटू शकतो. ज्याच्या घरी अशी परंपरा नाही, त्याने आपला खेळ सुधारावा कसा? हा प्रश्न गतवर्षी आमच्या पूर्णगडात उभा राहिला.

मुचकुंदी नदी जेथे सागराला मिळते तेथे, टेकडीवरील लहानशा किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. निवृत्तीनंतर मी येथे स्थायिक झालो. शेजारच्या एका मुलाला हातचलाखीचा विलक्षण नाद. मोबाइलवर पाहून आणि एका जुन्या पुस्तकावरून तो स्टीलच्या तीन वाट्यांचा खेळ शिकला. गोळ्या आईने लाल कापडाच्या शिवून दिल्या. घरातील प्रत्येकाने त्याचे कौतुक केले. आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने हा खेळ सादर केला आणि दुसऱ्याच वाटीला पुढच्या रांगेतून कोणी तरी ओरडले, “डाव्या हातात आहे!” सभागृह हसले. तेव्हापासून मुलाने वाट्या माळ्यावर टाकल्या. नववीत गेल्यावर पुन्हा इच्छा झाली, पण पाय मागे ओढू लागले. एके दिवशी ओटीवर येऊन तो म्हणाला, “काका, घरचे सगळे तर छानच म्हणत होते.”

त्या एका वाक्यात सारे दुखणे होते. घरच्यांचे कौतुक खोटे नव्हते. ते मुलाविषयी होते, खेळाविषयी नव्हते. शिवाय, ज्याने एखादा खेळ पन्नास वेळा पाहिला, त्याची नजर नव्या प्रेक्षकाची राहत नाही.

अशा वेळी मला बँकेतील तपासणीची आठवण झाली. तपासनीस शाखेत येतो तेव्हा ‘कामकाज उत्तम’ एवढाच शेरा मारून परतत नाही. कोणत्या तारखेच्या कोणत्या व्हाउचरवर सही राहिली, कोणत्या नोंदीला आधार नाही, हे तो क्रमवार लिहितो. त्या अहवालाने कोणाचे मन प्रफुल्लित होत नाही. परंतु दुरुस्ती कोठे करावयाची हे निश्चित कळते. अभिप्रायाचे दोन प्रकार असतात. एक निकाल, दुसरी साक्ष. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला निकाल मिळतो. ‘काय पाहिलेस?’ या प्रश्नाला साक्ष मिळते.

म्हणून आम्ही तीन प्रश्न ठरविले. पहिला, काय काय घडले ते क्रमाने सांगा. दुसरा, गोळी कोठे आहे असे वाटले आणि नेमके केव्हा? तिसरा, लक्ष कोठे उडाले? उत्तरे मी लिहून घ्यावयाची आणि मुलाने अवाक्षर न काढता ऐकावयाची, असा दंडक घातला. खुलासा करू लागले की साक्षीदार संकोचतो आणि सौजन्याने ‘तसे छानच होते’ म्हणून मोकळा होतो. प्रेक्षकही निवडून घेतले. हा खेळ पूर्वी न पाहिलेली सहा माणसे: खाडीपलीकडच्या गावखडीहून आलेले एक पाहुणे, मासेमारी करणारे दोघे बंधू, एक निवृत्त शिक्षिका, एक महाविद्यालयीन तरुणी आणि सहा वर्षांची एक चिमुरडी. कोणी खुर्चीवर, कोणी डाव्या अंगाला, चिमुरडी समोर जमिनीवर.

साक्षी ऐकण्यासारख्या होत्या. चौघांनी डाव्या हातावर संशय घेतला, कारण ती मूठ उगाच घट्ट मिटलेली राही. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “तो अखंड बोलत होता, दुसऱ्या वाटीपाशी एकदम गप्प झाला, तेव्हाच मी नीट पाहू लागले.” एका बंधूने वाटीचा टेबलावर झालेला खणखणाट टिपला. चिमुरडी शांतपणे म्हणाली, “मला तर बोटांखाली लाल लाल दिसत होतं.” खुर्चीवरील पाचांपैकी कोणालाही ते दिसले नव्हते. पहिल्या रांगेतील मुले सतरंजीवर बसतात, हे त्या एका वाक्याने ध्यानी आले.

व्यावसायिक जादूगारांनाही अशा साक्षीची गरज भासते. पेन आणि टेलर ही अमेरिकन जोडी हा खेळ पारदर्शक पेल्यांनीही करून दाखविते. त्यांपैकी टेलर यांच्या सहभागाने सुसाना मार्टिनेझ-कोंडे, स्टीफन मॅक्निक प्रभृती मेंदूशास्त्रज्ञांनी याच खेळाचा अभ्यास केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. सात जणांना ध्वनिचित्रफिती दाखविल्या. गोळी काढली किंवा ठेवली असे वाटताच त्यांनी कळ दाबावयाची. त्यांची नजर कोठे फिरते याचीही नोंद ठेवली. जादूगाराच्या नजरेमागे प्रेक्षकांची नजर जाते, असा जादूच्या जगातील जुना समज. परंतु जादूगाराचा चेहरा झाकला तरी प्रेक्षकांच्या पाहण्यात फरक पडला नाही. निदान या खेळात तरी नजरेच्या इशाऱ्याचा वाटा मोठा नसावा. सरावाने प्रेक्षक अधिक अचूक पाहू लागले, हेही आढळले. प्रेक्षक थोडे होते, तेव्हा यावरून मोठे सिद्धान्त काढू नयेत. पण मुरलेल्या कलावंताचाही अंदाज प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पारखून घ्यावा लागतो, एवढे खरे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. साक्षीदार बहुधा उपायही सुचवितात. आमच्या पाहुण्यांनी गोळ्या दहा कराव्यात आणि मागे गाणे लावावे, असा सल्ला दिला. साक्ष स्वीकारावी, उपाय कलावंताने आपला आपण शोधावा. ‘येथे मला कंटाळा आला’ ही साक्ष मोलाची. त्यावर गाणे हेच औषध असेल असे नाही. तपासनीस त्रुटी दाखवितो, पूर्तता शाखेलाच करावी लागते.

मुलाने पूर्तता केली. टेबलावर जाड कापड अंथरले, म्हणजे खणखणाट थांबला. वाटी उचलताना तिची कड स्वतःकडे झुकवू लागला, म्हणजे खाली बसलेल्यांची दृष्टी अडली. दुसऱ्या वाटीपाशी गप्प होण्याऐवजी तो प्रेक्षकांना प्रश्न विचारू लागला. डाव्या मुठीवरील संशय तर त्याने घालविलाच नाही. उलट ती मूठ तशीच घट्ट ठेवून त्याने खेळाचा शेवट नव्याने रचला. हे सर्व अंगवळणी पडण्यास दोन महिने लागले, आणि दर पंधरवड्याला सहा नवे साक्षीदार शोधावे लागले. छोट्या गावात हे काम हातचलाखीहून कठीण!

यंदाच्या स्नेहसंमेलनात पुढच्या रांगेतून पुन्हा आरोळी आली, “डाव्या हातात!” मुलाने क्षणभर थांबून डावा हात सावकाश उघडला. तळहात रिकामा होता. मग एकामागून एक वाट्या उचलल्या. प्रत्येकीखाली एक पिवळेधमक लिंबू होते. सभागृहात आधी शांतता पसरली आणि मग टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर आई पदर सावरीत जवळ आली आणि म्हणाली, “फार छान झालं रे.” मुलाने तिला वाकून नमस्कार केला आणि विचारले, “आई, तू कुठे बसली होतीस? तिथून काय काय दिसलं?”