फोटो झकास, पण लिंक उघडेना: फोटोंच्या वेबसाइट इतक्या रखडतात का?

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीत पिसारा फुलवलेला मोर, दौंडच्या पुढे भिगवणला उजनीच्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्षी, शिवाय लग्नसराईतले शेकडो क्षण. शिरूर-दौंड परिसरात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांना विषयांची कमी नाही. यातले काही जण इन्स्टाग्रामवर न थांबता स्वतःची वेबसाइटही काढतात. लिंक व्हॉट्सॲपवर जाते आणि समोरून उत्तर येतं, ‘उघडत नाहीये.’ खापर फुटतं ते रेंजवर. पण अनेकदा खरं कारण फोटोच्या फाइलमध्येच असतं.

एक फोटो केवढा असतो?

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून निघालेला फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. म्हणजे २ कोटी ४० लाख ठिपके. त्याची जेपेग फाइल सहज ८ एमबीच्या आसपास जाते.

आता बघणाऱ्याचा मोबाइल घ्या. अनेक फोनच्या स्क्रीनची रुंदी १०८० पिक्सेल असते. फोन उभा धरला, तर हा आडवा फोटो त्यावर १०८० बाय ७२० पिक्सेलमध्ये दिसतो. म्हणजे पावणेआठ लाख ठिपके. दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे जवळपास ३१ ठिपके डाउनलोड होतात. उरलेल्या ३० ठिपक्यांचा त्या क्षणी बघणाऱ्याला काहीच उपयोग नसतो.

याचे पैसे कोण भरतं?

बघणारा. एका पानावर असे ४० फोटो असतील, तर वजन ३२० एमबी होतं. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर एका अल्बममध्ये त्याचा पाचवा हिस्सा संपला. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. त्याच वेळी जिओनं अमर्याद ५जीची सवलत दिवसाला २ जीबी किंवा त्याहून जास्त डेटाच्या प्लॅनपुरती ठेवली. त्यामुळे लहान पॅकवाल्याला हे ओझं जास्त जाणवतं.

वेळेचं गणितही बघा. १० एमबीपीएसचा वेग मिळाला, तरी ३२० एमबी उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात. दिवसाचा डेटा संपल्यावर वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं ८ एमबीचा एकच फोटो उघडायला साडेसोळा मिनिटांहून अधिक वेळ जाईल. तोच फोटो ४०० केबीचा असेल, तर ५० सेकंदांत दिसेल.

नुकसान फक्त बघणाऱ्याचं होतं का?

नाही. लग्नाची ऑर्डर द्यायला फोटोग्राफर शोधणारं कुटुंब पांढरी स्क्रीन बघत बसत नाही, पुढच्या लिंकवर जातं. शिवाय पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. २०२१ पासून अशा निकषांचा सर्चमधल्या क्रमवारीतही विचार होतो.

मग उपाय काय?

पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे फोटो अपलोड करण्याआधी लहान करणं. लांब बाजू ६००० ऐवजी २००० पिक्सेल ठेवली, की ठिपके थेट नऊ पटींनी कमी होतात. जेपेगची क्वालिटी ८० च्या आसपास ठेवली, तर फाइल साधारण ३०० ते ५०० केबीमध्ये बसते आणि मोबाइलवर फरक सहसा कळत नाही. जिम्प किंवा स्कूश यांसारख्या मोफत साधनांनी हे काम होतं.

इथे एक गफलत होते. वेबसाइटवर चौकट ओढून फोटो लहान केला, की तो हलका झाला असं वाटतं. पण फक्त दिसणं बदलतं, फाइल तेवढीच राहू शकते. वर्डप्रेस २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठे फोटो आपोआप लहान करतं. पण पीएनजी फाइलला हा नियम लागू नाही. फोटो पीएनजीमध्ये ठेवले, तर ते जेपेगपेक्षा कितीतरी जड होतात.

दुसरा उपाय वेबपी फॉरमॅटचा. गुगलनं तो २०१० मध्ये आणला. तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा वेबपी फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते, असं गुगल सांगतं. म्हणजे फॉरमॅट बदलून साधारण पाव ते एक तृतीयांश वजन वाचतं, तर आकार कमी करून नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणून आधी आकार, मग फॉरमॅट.

तिसरा उपाय ‘लेझी लोडिंग’चा. वाचक खाली सरकेल तसे पुढचे फोटो उतरतात. ४० फोटोंच्या पानावर सुरुवातीला दोन-तीनच फोटो लागतात. मात्र सर्वांत वरच्या फोटोला ही सोय लावू नये, नाहीतर तोच उशिरा दिसतो.

मूळ फोटोचं काय?

तो हार्ड डिस्कवर जपून ठेवायचा. ग्राहकाला पूर्ण आकाराचा अल्बम हवा असेल, तर डाउनलोडची लिंक वेगळी द्यायची. यात फोटोग्राफरचाही फायदा आहे. ६००० पिक्सेलच्या फोटोतून ३०० डीपीआयची २० इंची प्रिंट निघते. तोच फोटो वेबसाइटवर ठेवला, तर कुणीही तो उतरवून फ्रेम करू शकतो. २००० पिक्सेलच्या फोटोतून त्याच दर्जाची प्रिंट जेमतेम साडेसहा इंचांची मिळते.

आपली वेबसाइट जड आहे हे कसं ओळखायचं?

गुगलच्या ‘पेजस्पीड इन्साइट्स’वर लिंक टाकली, की मोबाइलवरचा वेग आणि कोणते फोटो जड आहेत, हे फुकटात कळतं. आणखी सोपी चाचणी हवी असेल, तर घरचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर, शक्यतो रेंज कमी असलेल्या ठिकाणी, स्वतःची लिंक उघडून बघा. ग्राहकही अनेकदा ती तशीच उघडत असतो.