भिशीला पत्ता असतो!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक होती. गटाची पेटी ज्या ताईंकडे असते, त्या नेहमी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालतात. त्या दिवशी त्या उशिरा आल्या आणि आल्या त्या डोळे पुसतच. पेटीत अडीच हजार रुपये कमी होते. कुणी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझ्या मुलानं घेतले."

मुलगा दहावीतला. शांत, अभ्यासू, वाटेत भेटला की "काकू, पिशवी द्या" म्हणणारा. व्यसन, वाईट संगत, आमच्या मनात नको नको ते येऊन गेलं. संध्याकाळी मी त्याच्याशी बोलत बसले, तेव्हा निघालं ते भलतंच.

तो आणि त्याचे सात मित्र मोबाइलवर एक खेळ खेळतात. त्या खेळात नाणी असतात, हत्यारं असतात, कपडे असतात. खरे पैसे भरून नाणी विकत घेता येतात आणि खेळणाऱ्यांना ती एकमेकांना देताही येतात. तिथेच त्यांना एक 'दादा' भेटला. प्रत्यक्ष कुणीच पाहिलेला नाही, फक्त आवाजाची ओळख. तो म्हणाला, "सगळे मिळून दुर्मिळ वस्तू स्वस्तात उचलू. सगळा माल आपल्याकडे आला की भाव चढवून विकू. पंधरा दिवसांत दीडपट." म्हणजे आपल्याकडे कांदा साठवून ठेवतात ना, अगदी तसंच!

पहिल्यांदा मुलांनी थोडीच नाणी दिली. दीडपट परत आली. दुसऱ्यांदाही आली. तिसऱ्यांदा आठही जणांनी प्रत्येकी पाचशे रुपयांची नाणी घेतली. वाढदिवसाचे पैसे, मामानं दिलेले पैसे, सगळं त्यात गेलं. हिशेबात पक्का म्हणून या मुलाला खजिनदार केलं होतं. चार हजारांची नाणी त्यानंच 'दादा'कडे पाठवली. दुसऱ्या दिवशी 'दादा' गायब.

पाच मित्र पैसे मागायला लागले, तेव्हा यानं आईची पेटी उघडली. मी रागानं विचारलं, "अरे, पण चोरी का केलीस?" तर मान खाली घालून म्हणाला, "काकू, मी त्यांना शब्द दिला होता."

मैत्रिणींनो, त्या उत्तरानं मला रात्रभर झोप आली नाही. फसवला गेला तो हाच, आणि पेटीत हात घातला तोही यानंच. तोही कशासाठी, तर दिलेला शब्द पाळायला!

मी आर्ट्सची पदवीधर. या खेळांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मग कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीला शेजारी बसवून वाचत गेले, आणि कळलं की हे काही आपल्या गावातल्या आठ पोरांचंच दुखणं नाही. शिकलेली, कमावती, मोठी माणसंही यात पोळली आहेत.

'ईव्ह ऑनलाइन' नावाचा आइसलँडच्या कंपनीचा एक खेळ आहे. अंतराळातला व्यापार आणि लढाया. त्यात खेळाडूंनीच बँका काढल्या. २००६ साली अशी एक बँक चालवणारा खेळाडू लोकांच्या ठेवी घेऊन पसार झाला. त्यानंतर 'ई-बँक' नावाची दुसरी बँक नावारूपाला आली. २००९ मध्ये तिच्याच प्रमुखानं खेळातली २०० अब्ज नाणी काढून बाहेर विकली. त्याला सुमारे ६,३०० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. का केलं, तर घरासाठी आणि मुलाच्या आजारपणासाठी पैसे हवे होते. बातमी फुटताच ठेवी काढून घ्यायला झुंबड उडाली.

पण मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. कंपनीनं त्याला खेळातून काढलं, पण ते ठेवी लांबवल्या म्हणून नाही. खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकली, म्हणून! त्या खेळात दुसऱ्याला फसवणं हा गुन्हाच नव्हता, तोही खेळाचाच भाग. बाहेर विकणं मात्र नियमाविरुद्ध. आता सांगा, अशा ठिकाणी ठेवीदारानं दाद मागायची कुणाकडे?

'सेकंड लाइफ' या अमेरिकन कंपनीच्या आभासी जगातही हेच झालं. तिथे एका खेळाडूची बँक वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त व्याज देत होती. २००७ च्या ऑगस्टमध्ये ती बुडाली. लोकांचे लाखो डॉलर अडकले. मग २००८ च्या जानेवारीत कंपनीनं खऱ्या परवान्याशिवाय बँका चालवायला बंदी केली. पण तोवर गेलेले पैसे गेलेच होते.

सगळ्यात जीव हळहळला तो फिलिपिन्समधल्या बायकांचं वाचून. कोरोनाच्या टाळेबंदीत कामं गेली होती. त्या वेळी 'ॲक्सी इन्फिनिटी' नावाचा व्हिएतनामच्या कंपनीचा खेळ तिथे पसरला. खेळायला तीन चित्रातले प्राणी विकत घ्यावे लागत, आणि २०२१ मध्ये ते इतके महागले की गरिबाला परवडेनात. मग पैसेवाले प्राणी घेऊन देत, गरीब माणसं दिवसभर खेळत आणि कमाईतला वाटा मालकाला देत. आपल्याकडे वाट्यानं जमीन कसतात, तशातला प्रकार. गृहिणी, आज्या, बेकार तरुण, सगळे त्यात होते. २०२१ च्या उन्हाळ्यात त्यातलं एक नाणं ३० सेंटच्या वर होतं. २०२२ च्या मध्यापर्यंत ते एका सेंटच्याही खाली गेलं. नवे लोक येत होते तोवर भाव होता, येईनासे झाल्यावर संपला. त्यातच मार्च २०२२ मध्ये चोरट्यांनी त्या खेळाच्या तिजोरीतून साठ कोटी डॉलरहून जास्त रक्कम लांबवली.

हे वाचून कुणी म्हणेल, "अहो, मग आपली भिशी तरी काय वेगळी? तिथंही विश्वासच ना?" खरंय. भिशी बुडवून पळालेल्या बायका मीही पाहिल्या आहेत. पण भिशीला पत्ता असतो. भिशी घेणारीचं घर आपल्याला माहीत असतं, सासर-माहेर माहीत असतं. हप्ता चुकला तर चार जणी दारात जाऊन उभ्या राहतात. त्या 'दादा'चं दार कुठे आहे? भिशीत आपण एकमेकींना ओळखून पैसे देतो. तिथे मुलं पैसे आधी देतात, आणि परत आले म्हणून त्यालाच ओळख समजतात. पहिली दोन वेळ दीडपट परत देणं हा व्यापार नव्हताच. ते गळाला लावलेलं आमिष होतं.

दुसरं म्हणजे, भिशीतला रुपया रुपयाच राहतो. खेळातली वस्तू विकत घेतली तरी तिचं राज्य कंपनीचं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये 'काउंटर-स्ट्राइक' या खेळात कंपनीनं एक नियम बदलला आणि जी सुरी फार क्वचित मिळायची, ती खालच्या दर्जाच्या वस्तू देऊन मिळवण्याची सोय झाली. महागड्या सुऱ्यांचे भाव एका रात्रीत कोसळले. ना चोर, ना लबाडी! म्हणजे 'दादा' अगदी सज्जन असता, तरी मुलांचा साठवलेला माल मातीमोल होऊ शकला असता.

आम्ही त्या मुलाला घेऊन पोलीस ठाण्यातही गेलो. तिथं लक्षात आलं की बँकेच्या कागदावर चोराचं नावच नाही. पैसे गेले ते खेळाच्या दुकानात, रीतसर. चोरी झाली ती आत, नाण्यांची. म्हणून एक सांगून ठेवते. कुणी थेट आपल्या खात्यावर पैसे मागून फसवलं, तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

आता प्रश्न उरतो, मुलांचं काय करायचं? मोबाइल काढून घ्या, हे सांगणं सोपं आहे. पण मला ते पटत नाही. धाक दाखवला की मुलं खेळ सोडत नाहीत, सांगणं सोडतात. या मुलानं पहिल्याच दिवशी आईला सांगितलं असतं, तर पेटीला हात लागला नसता. त्यानं का सांगितलं नाही? "बाबा मारतील म्हणून." बस्स, एवढंच.

त्यापेक्षा आपण बचत गटात जे प्रश्न विचारतो, तेच मुलांना शिकवू या. पैसे कुणाकडे आहेत? त्याचं घर कुठे? पेटीची किल्ली एकाकडेच की दोघांकडे? हिशेब सगळ्यांना दिसतो का? आणि तो माणूस उद्या आलाच नाही, तर जायचं कुणाकडे? यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नसेल, तर खिशातून नाणं काढायचं नाही. खेळातलंसुद्धा.

हे प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं दर महिन्याला विचारतो, पण घरी पोरांसमोर कधी बोललोच नाही. ते बायकांचे हिशेब, मुलांना काय करायचेत, असंच धरून चाललो. चूक आमचीही आहे.

त्या ताईंनी अडीच हजार लगेच भरायची तयारी दाखवली. गटानं नाही म्हटलं. ते पैसे मुलाच्या नावावर कर्ज म्हणून लिहिले, महिन्याला अडीचशे, दहा हप्ते. त्याची परीक्षा झाल्यावर तो बैठकीला यायला लागला. कोपऱ्यात बसून आमची वही लिहितो, बेरीज चुकली तर आम्हालाच दाखवतो. मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता भरला आणि सही करता करता मला म्हणाला, "काकू, इथे किती जणी सही करतात हो!"

म्हटलं, "बाळा, म्हणूनच तर पेटी टिकलीय."