आईचा अर्धा तास

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. भाची अकोल्याहून खरेदीसाठी आली होती. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरली, पाच वर्षांच्या मुलाला माझ्या स्वाधीन केलं आणि बाजाराला निघाली. आहेराच्या साड्या नांदगाव पेठेजवळच्या बिझीलँडमधून, बांगड्या आणि किरकोळ सामान जवाहर गेटच्या बाजारातून, असा तिचा बेत ठरलेला होता. संध्याकाळी पिशव्यांच्या ओझ्यानं वाकलेली, पण खुशीत असलेली अशी ती परतली. बांगडीवाल्याकडून वीस रुपये कसे सोडवून घेतले, ते तिनं मला दोनदा सांगितलं. एक साडी उजेडात नेऊन पाहिली, तर तिच्या काठाला डाग निघाला, म्हणून ती कशी बदलून घेतली, तेही सांगितलं. मला कौतुक वाटलं. आमच्या आईची नात शोभते, असं मी म्हणालेही.

चहा घेताना तिचा फोन वाजला. पलीकडचा आवाज इतका गोड की मलाही ऐकू येत होता. मुलासाठी घेतलेल्या कुठल्याशा घरबसल्या शिकण्याच्या कोर्सबद्दल तिचं अभिनंदन चाललं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, दोन दिवसांपूर्वी बाईंनी फोनवरच छत्तीस हजारांचा कोर्स घेतला होता. दरमहा पंधराशे रुपये, चोवीस महिने, बिनव्याजी. पुढच्या पाच तारखेपासून हप्ता परस्पर खात्यातून कापला जाणार.

वीस रुपयांसाठी बांगडीवाल्याशी अर्धा तास बोलणारी मुलगी छत्तीस हजारांना वीस मिनिटांत हो म्हणाली होती! मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मावशी, मले एवढंच वाटलं, आपलं लेकरू मागे राहू नये. पैसे काय, आज आहेत, उद्या नाहीत. लेकरू तर एकच आहे न वं!"

या वाक्यावर उत्तर देणं सोपं नाही.

भाची खुळी नाही. तिच्या घराचा हिशेब चोख असतो. म्हणूनच मला हा प्रश्न एका घराचा वाटत नाही. साडीच्या बाबतीत जी बाई डोळ्यांत तेल घालून पाहते, तीच मुलाच्या बाबतीत डोळे मिटून सही का करते?

याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण ती सही मीही करवून घेतलेली आहे. माझी नोकरी बँकेत झाली. २००० नंतर बँकांच्या काउंटरवरून विम्याच्या पॉलिसी विकल्या जाऊ लागल्या आणि आम्हा अधिकाऱ्यांना महिन्याची उद्दिष्टं आली. पगार जमा करायला आलेल्या शिक्षिकेला, ठेव मोडायला आलेल्या विधवेला काय म्हणायचं, ते आम्हाला शिकवलेलं होतं. मुलाचं शिक्षण आणि मुलीचं लग्न, हे दोन शब्द उच्चारले की फॉर्म भरला जाई. व्याजाचा दर, मुदत, मधेच सोडल्यास होणारं नुकसान, यातलं बहुतेक बायका विचारत नसत. त्यांना कळत नव्हतं म्हणून नव्हे. मुलाच्या नावानं आलेल्या गोष्टीत घासाघीस करणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्या संकोचावर मी माझी उद्दिष्टं पूर्ण केली. आज त्याचा अभिमान वाटत नाही.

जाहिरात ही वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. आमचं लहानपण जाहिरातींच्या चालीवर गेलं. विविध भारतीवर १९६७ साली मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी रेडिओ सिलोनवरची गीतमाला टूथपेस्टच्याच नावानं ओळखली जायची. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या. पुढं ऐंशीच्या दशकात सर्फच्या जाहिरातीत ललिताजी आल्या. भाजी पारखून घेणाऱ्या, पैशापैशाचा हिशेब ठेवणाऱ्या. तीही जाहिरातच होती, महागडी पावडर खपवण्यासाठीच होती, पण तिनं निदान गृहिणीच्या हुशारीला हात घातला होता. आजच्या जाहिराती, विशेषतः तरुण आईच्या फोनवर दिवसभर येणाऱ्या, तिच्या हुशारीला नव्हे, तर तिच्या भीतीला हात घालतात. तुमचं मूल उंचीनं मागे, इंग्रजीत मागे, गणितात मागे. कुणाच्या मागे, ते कुणी सांगत नाही.

आमच्या वऱ्हाडात तर ही भीती पेटायला वेळ लागत नाही, कारण तिच्याखाली शिक्षणाची खरी भूक आहे. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगावच्या कीर्तनांतून दोन गोष्टी सांगितल्या. कर्ज काढून सण-लग्नं करू नका, ही एक. आणि घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, ही दुसरी. पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली आणि शेतकऱ्यांची मुलं वर्गात येऊन बसली. कापसाच्या एका वर्षाच्या पिकावर मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरणारे बाप मी बँकेत पाहिले आहेत. फोनवरच्या त्या गोड आवाजाला गाडगेबाबा ठाऊक नसतील, पण तो खेळतो बाबांच्या दुसऱ्या सांगण्यावर, आणि पहिलं सांगणं विसरायला लावतो. शिकवा म्हणतो, आणि त्यासाठी कर्जही काढा म्हणतो. शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणं वेगळं, आणि शिक्षणाचं लेबल लावलेली वस्तू हप्त्यानं घेणं वेगळं. या दोहोंत फरक करायला हवा.

त्या संध्याकाळी मी भाचीला एवढंच विचारलं, "रोख दिले असते तर किती पडले असते?" तिनं फोनमध्ये पाहिलं. रोखीनं तीस हजार. मग आम्ही दोघी हिशेबाला बसलो. तीस हजारांच्या वस्तूचे चोवीस महिन्यांत छत्तीस हजार म्हणजे बिनव्याजी कसलं? दर काढला तर वर्षाला साधारण अठरा टक्के पडतो. सवलत दाखवायची नि ती नाकारून तेच व्याज किमतीत मिसळायचं, हा जुना डाव आहे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना बजावलं होतं.

मग तिच्या फोनवरचा करार उघडला. बारीक अक्षरांची चौदा पानं. "हे कोणी वाचते का, मावशी?" ती म्हणाली. आम्ही वाचलं. मी चश्मा पुसून, ती अक्षर मोठं करून. अकराव्या पानावर सापडलं, की तीन दिवसांच्या आत कर्जातून बाहेर पडता येईल. डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत, मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा आकार देऊन, दंडाशिवाय सुटता यावं, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली केलेला आहे. तिचा तो तिसरा दिवस होता. रात्री जेवणाआधी दोन्हीकडे लेखी कळवलं. पुढं महिनाभर पाठपुरावा करावा लागला, पण प्रकरण मिटलं.

वाचनाचे फायदे सांगताना आपण नेहमी संस्कार, कल्पनाशक्ती असे मोठे शब्द वापरतो. त्या दिवशी वाचनानं छत्तीस हजार रुपये वाचवले, हे मी नोंदवून ठेवते.

सरकार आणि कायदा स्वस्थ बसले आहेत, असंही नाही. बाळाच्या दुधाच्या डब्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्यानं बंदी आली. डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्रही छापता येत नाही. शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांबाबत पालकांना सावध केलं, आणि खात्यातून परस्पर पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, असंही सुचवलं. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन फसवणुकीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. दोनच जागा उरल्याची खोटी घाई करणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, हे त्यातलेच. एप्रिल २०२४ मध्ये बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली विकू नका, असं वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, कारण असा प्रकारच अन्न सुरक्षा कायद्यात नाही. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे, जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. पण कायदा सही झाल्यावर मदतीला येतो. सहीच्या आधी घरात कोण असतं?

माझ्या आईच्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याला एक ओळ असायची. किराणा, दूध, शाळेची फी, आणि त्याखाली वाचनालय. रक्कम लहान, पण वर्गणी कधी चुकली नाही. महिना ओढीचा असला तर गोडेतेल कमी येई, पुस्तक येत राही. 'किशोर' मासिक बालभारतीनं १९७१ साली सुरू केलं, तेव्हा आम्हा भावंडांत ते आधी कोण वाचणार यावरून मारामाऱ्या होत. हे सांगून मी भाचीला म्हणाले, त्या पंधराशेतले थोडे पैसे वाचनालयाला दे, थोडे मुलाच्या पुस्तकांना दे, उरलेल्यांची आवर्ती ठेव कर. रोज रात्री त्याला गोष्ट वाचून दाखव. कोर्स आपोआप होतो.

ती हसली. म्हणाली, "पुस्तकं लिहिणारीनं पुस्तकंच घ्या म्हणावं, ही पण जाहिरातच झाली न वं!" मलाही हसू आलं. पण पुढं ती गंभीर झाली. सकाळी साडेपाचला उठायचं, डबे करायचे, शाळेची रिक्षा गाठायची, नोकरी, परत आल्यावर स्वयंपाक, सासूबाईंचं पथ्य, ओटा, भांडी. रात्री दहाला गोष्ट कुणी वाचायची? "मी कोर्स घेतला, कारण माझ्याकडे वेळ नाही, मावशी. त्यांनी सांगितलं, तुमच्या वतीनं आम्ही शिकवू."

इथं मी गप्प झाले. इतका वेळ मी पैशांचा हिशेब करत होते. खरा हिशेब वेळेचा होता. जाहिरात करणाऱ्यानं तिची नड बरोबर ओळखली होती, आम्ही घरच्यांनी नाही. मुलासाठी वेळ देता येत नाही, ही खंत त्यानं विकत घेतली आणि तिलाच हप्त्यानं परत विकली. बाईनं हिशेब चोख ठेवावा, फसू नये, वाचावं, मुलाला वाचून दाखवावं, असा उपदेश करणाऱ्यांत माझ्यासारख्या निवृत्त मावश्या बऱ्याच आहेत. तिच्या हातातली भांडी घेणारं कुणी नाही.

माझ्या आईकडे वाचायला वेळ कुठून आला, याचा मी त्या रात्री प्रथमच विचार केला. आमच्या घरात आजी होती, विधवा आत्या होती. आईचा तो दुपारचा अर्धा तास त्या दोघींनी स्वतःचे हात झिजवून तिला दिला होता. त्याची नोंद कुठल्याही वहीत नाही. आज घरं लहान झाली, तशी ही सोय गेली. ती पुन्हा आणायची तर आत्याच्या जागी आता नवऱ्याला उभं राहावं लागेल. दुसरं कोण आहे?

भाचीचा नवरा तिला न्यायला रविवारी आला. मी त्याला करारातलं अकरावं पान दाखवलं, आणि मग म्हटलं, "जावईबापू, छत्तीस हजार वाचले. त्या बदल्यात रोज रात्रीची भांडी तुमची." तो संकोचून हसला. सासूबाईंना काय वाटेल, असंही पुटपुटला. भाची काही बोलली नाही, पण तिनं त्याच्याकडे पाहिलं. बांगडीवाल्यानं शेवटची किंमत सांगावी, म्हणून थांबलेली बाई जशी पाहते, तसं.

परवा फोन केला तर नातवानंच उचलला. आई काय करते, असं विचारलं. "गोष्ट वाचते," तो म्हणाला. मागून भांड्यांचा आवाज येत होता. बाबा कुठं आहेत, ते मी विचारलं नाही.